बनावहिनीच्या दुधाचं फॅट

त्र्याण्णव सालची गोष्ट. काटेवाडीपासनं सायकलीवर पाऊन तासावर आमची वस्ती. तितं माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं खोपटं, आनि समोरच दूध डेअरी. सेक्रेटरी महिपती. मानूस वाईट न्हाय, पर फॅट तपासायचं लायटीवरचं मशीन आल्यापासनं आसा चालायचा, जनू घरात पोरगं झालंय.

डेअरीचा नियम हुता, तीनदा फॅट पाचाच्या खाली लागलं की त्या घरचं दूध बंद. बनावहिनीचं दोनदा लागलं हुतं. मेंढरं इकून घेतलेली तिची एकच म्हस. वहिनी दुधात पानी घालती, ही कुजबूज पार पिठाच्या गिरनीपतुर गेली हुती.

वहिनी माझ्याकडं आली. "आबाजी भावजी, तुमी येवढं रेडिओ फाडता, ते मशीन फाडून बगा."

"मशीन डेअरीचं हाय, वहिनी."

"मग नाव कुनाचं जातंय? डेअरीचं का?"

मी इचार केला. सांजंला सहाला शेतीची थ्री फेज लाईट यायची, समद्यांच्या हिरीवरच्या मोटारी चालू व्हायच्या, आनि माझ्या दुकानातला बल्ब पिकल्या केळीवानी पिवळा पडायचा. वहिनी दूध आनायची सहानंतर. महिपती सोताचं दूध साडेपाचालाच लावून मोकळा. त्याचं फॅट सात पॉइंट दोन, रोज सांगायचा.

त्या दिशी वहिनीला लवकर बोलवली. महिपतीला म्हनलं, "एकच दूध दोनदा लाव. आत्ता, आनि मोटारी लागल्यावर."

साडेपाचाला लागलं सात पॉइंट नऊ. सव्वासहाला चार पॉइंट सात.

महिपती म्हनला, "मधल्या येळंत पानी पडलं आसंल."

"कुठनं पडंल? कॅनच्या झाकनावर तूच बसलायस."

त्यो झाकनावरनं उठला. मी मशीन उघडलं. मशीन ज्या व्होल्टेजशी ताडून फॅट सांगायचं, तेच बाहेरच्या लायटीबराबर वर-खाली व्हत हुतं. म्हंजी तराजूतलं मापच मोटारी लागायच्या आदी पाऊन किलोचं आनि लागल्यावर किलोचं. वालचंदनगरच्या एका सायबाच्या मोडक्या टीव्हीतला झेनर माझ्याकडं हुता, मिरीयेवढा काचंचा मनी. एक रेझिस्टन्स लावून तितं जोडला.

महिपती वाकून बघत हुता. "उलटा लावलाय तुमी."

"ह्यो उलटाच काम करतो. तुझ्यावानी."

मग समजावलं. बंधाऱ्याला सांडवा आसतो. वरनं किती बी येऊ दे, जास्तीचं सांडव्यावरनं जातं, आतलं पानी तेवढ्याच उंचीवर ऱ्हातं. ह्यो सहा व्होल्टाचा सांडवा.

"आनि वरनंच कमी आलं तर?"

ह्यो प्रश्न इचारल्यावर मला त्याचं कौतुक वाटलं, पर दाखवलं न्हाय. मीटर लावला. समद्या मोटारी चालू आसताना बी आत नऊ व्होल्ट येत हुतं. सांडव्याच्या वरच हुतं.

मशीन यायच्या आदीच्या ॲसिडच्या नळीत तेच दूध फिरवून खरं फॅट काढलं, त्यावर मशीन जुळवलं. मोटारी चालू, बल्ब पिवळा, फॅट सहा पॉइंट आठ. दुसऱ्या दिशी सकाळी साडेपाचाला बल्ब पांढराफेक, तेच दूध रातभर ओल्या फडक्यात गार ठेवलेलं, सहा पॉइंट आठ.

वहिनी म्हनाली, "महिपतराव, आता तुमचं लावा की."

त्यो छताकडं बघाय लागला. शेवटी लावलं. सहा पॉइंट दोन.

मागनं कुनी तरी इचारलं, "सेक्रेटरी, पानी हिरीचं का क्यानलचं?" समदी खिदळली.

वहिनी न्हाय हसली. तिनं आपलं ताजं दूध डेअरीच्या कॅनमदी वतलं, भांडं निथळलं.

"पानी न्हाय घातलं त्यांनी," ती म्हनाली. "पेंड घालायला कंजूष हायती, तेवढंच."