लेपाखाली

रुखमाच्या अंगावर फोड दिसले आणि सासूबाईंनी त्याच वेळी घरातली फोडणी बंद केली. "माय आली व घरात. आता सुई नाही का दवा नाही."

त्रेसष्टचा उन्हाळा. मेहकरात देवीची साथ होती आणि माझी लेक रुखमा तीन वर्षांची. मी तिला खिडकीपाशी नेऊन सगळं अंग निरखलं.

"आत्याबाई, या देवी नाहीत. देवीचे फोड तोंडावर, हातापायांवर दाट येतात, अन् सगळे एका वेळचे असतात. इथं पाहा, एक पाण्यानं भरलेला, एक सुकलेला, हा आत्ता उठलेला. अन् पोटापाठीवरच जास्त. कांजिण्या आहेत या."

"घ्या! सून बी.ए. झाली त आता मायले तिचं नावगाव पुसते," सासूबाई म्हणाल्या. आमचे हे मोठ्यानं हसले. मीही हसले. महिनाभराची धास्ती उतरली होती.

त्या आनंदात मी सासूबाईंना हळद-निंबाचा लेप लावू दिला. एवढं बोलून बसले होते, म्हटलं, लेपानं काय बिघडते? रोज जुन्या लेपावर नवा. पुसायचा नाही, न्हाणं पाचव्या दिवशी.

चौथ्या दिवशी ताप पुन्हा चढला. रुखमा मांडीला हात लावू देईना.

"मायचा ताव हाय, उतरते," सासूबाई म्हणाल्या.

नवा फोड एकही नव्हता. मग ताप कशाचा? हे माझ्या मनात आलं होतं. तरी मी एक दिवस थांबले.

बुलडाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ओल्या कापसानं लेप पुसला. खाली मांडी लालभडक, टणक, चकाकणारी. खाजवलेल्या एका फोडातून पू येत होता आणि लाली जांघेपर्यंत चढली होती.

"कांजिण्याच आहेत, बरोबर ओळखलं तुम्ही," ते म्हणाले. "पण फोड पिकला, विष रक्तात गेलं. ही लाली केव्हापासून आहे?"

मी ती पाहिलीच नव्हती.

पेनिसिलीन दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रुखमा गेली.

कारकुनानं रजिस्टर उघडलं. "देवी लिहू ना?"

"कांजिण्या."

त्यानं मान वर केली. "कांजिण्यानं कोणी मरते काय, बाई?"

मी त्याला मांडीवरचा फोड कुठं होता, केवढा होता, ते सांगायला लागले. ह्यांनी माझा दंड धरून मला उठवलं. मी सांगतच होते.