न झाडलेलं पाणी

रबराचा तो चेंडू मुठीत मावेल एवढाच, काळा, एका बाजूनं झिजलेला... पाण्यावर उतरणाऱ्या विमानाच्या फ्लोटवरच्या, म्हणजे चाकांच्या जागी असलेल्या पोकळ होडक्यावरच्या, भोकात तो घट्ट दाबून बसवायचा, म्हणजे आत पाणी शिरत नाही. आणि तो दाबताना तिच्या मनात आलं, घरी हा बाळाच्या हाती लागला असता तर आधी तोंडात गेला असता. सध्या सगळंच तोंडात जातं, सासूबाईंच्या चष्म्याची दांडीसुद्धा.

"ताई, आज सगळं तळंच उपसताय का?" धक्क्यावर दोर धरून उभे असलेले काका म्हणाले.

फ्लोटमधलं पाणी केव्हाच निघालं होतं. ती पुढच्या भोकात कोरडाच पंप मारत होती.

"बाळंतपणानंतरची पहिली फेरी आहे काका, मारू द्या की."

पहिली. तिला उडायला शिकवणाऱ्या, या विमानाचे मालक असलेल्या कॅप्टननी काल एवढंच सांगितलं होतं: जाऊन ये, आणि पुढेही उडायचं की ऑफिसात बसून बुकिंग घ्यायचं, ते संध्याकाळी तूच सांग. रागावून म्हणाले असते तर बरं. मायेनं म्हणाले, म्हणजे शंका त्यांनाही होतीच.

मागच्या सीटवर वरच्या तळ्याकाठच्या दवाखान्यातली नर्स, मांडीवर लशींचा डबा. पाणी इतकं गुळगुळीत की आभाळ कुठे संपतं ते कळेना. उडायच्या आधी सगळी वाट एकदा सावकाश फिरून बघायची, ही कॅप्टनची शिस्त. "धावपट्टी कुणीतरी झाडून ठेवतं," ते म्हणायचे, "पाणी कोण झाडणार?" वाहत आलेली फांदी, तुटलेलं जाळं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे भिजून जड झालेला ओंडका — पाण्यात उभा राहतो आणि फक्त कपाळ वर ठेवतो. शिवाय फेरीनं लाटा उठतात. सपाट पाणी फ्लोटना धरून ठेवतं, सोडता सोडत नाही.

"अहो बाई, जायचंय की नुसता फेरफटका?" नर्स म्हणाली. "बर्फ वितळतोय माझा."

"निघालोच."

पाण्यातलं सुकाणू वर, स्टिकचा दांडा पोटाशी, इंजिनाचा थ्रॉटल पुढे. याच स्टिकला पोट अडायला लागलं तेव्हा तिनं उडणं थांबवलं होतं. आता मध्ये मोकळी जागा होती आणि ती तिला विचित्र वाटली. नाक वर गेलं, मग खाली आलं, विमान पाण्यावर चढून हलकं घसरायला लागलं, आता दोन क्षण आणि... समोर, जरा डावीकडे, काळा ठिपका.

थ्रॉटलवरचा हात मागे आला होता, इंजिन बसलं होतं. विमान धपकन पाण्यात बसलं, डबा आपटला, नर्स ओरडली.

"काय होतं?"

"ओंडका... बहुतेक."

ती हळूहळू तिथे गेली. काहीच नव्हतं. तिच्याच लाटा, त्यांच्या काळ्या कडा. ओंडका बुडी मारून पुढे गेला असेल, किंवा पाणकावळा असेल, किंवा... बाळाच्या आंघोळीचं पाणी ती कोपर घालून तीन-तीनदा बघते आणि सासूबाई म्हणतात, अगं, पाणी आहे ते, साप नाही. मघाशी मागे आला तो हात कुणाचा? शिकलेला, की घाबरलेला? पूर्वी असं विचारायची वेळ कधी आली नव्हती; पूर्वी हात एकच होता.

"ताई, बरंय ना सगळं?" रेडिओवर काकांचा आवाज.

"बरंय. परत फेरी मारते."

नर्स आता बाजूला सरकली. खिडकीला नाक लावून बसली. अर्धी फेरी झाल्यावर म्हणाली, "माझ्या बाजूला काही नाही हं. म्हणजे मला तरी दिसत नाही."

"बघत राहा."

संध्याकाळी कॅप्टनना काय सांगायचं? ठिपका खरा होता का, ते कधीच कळणार नाही. आणि पुन्हा दिसला तर हात पुन्हा मागे येईल, कुणाचाही असो. फेरी पुरी करून तिनं विमान परत वाटेला लावलं. सुकाणू वर, स्टिक पोटाशी. थ्रॉटल पुढे ढकलताना तिला जाणवलं, की कॅप्टनसाठी उत्तर जुळवणं केव्हाच थांबलंय, आणि मघाच्या त्या ठिपक्याच्या जागेला चिकटलेले डोळे तिथून सुटून सगळ्या पाण्यावरून फिरताहेत... डावीकडे, समोर, काठापर्यंत.