कोल्ह्यासाठी उतरलेल्या टोप्या

नेस्टा प्रॉसर सायकलच्या कॅरिअरला मेलेला कोल्हा बांधून मेजर थर्सबींच्या अंगणात शिरली, तेव्हा शिकारीला निघालेली मंडळी घोड्यांवर बसूनच गरम दारू पीत होती. घोड्यांच्या पायांत कुत्र्यांचा ताफा घुटमळत होता. मी पहाटेच सगळी बिळं बुजवून आलो होतो. ते माझं कामच. रात्री कोल्हा पोटासाठी बाहेर पडला की मागे त्याच्या बिळाचं तोंड बंद करायचं. म्हणजे दिवसा त्याला लपायला घर उरत नाही आणि दौड लांबते.

नेस्टा आमच्याकडची नव्हे, वेल्सच्या डोंगरातली. आमच्या टॉमने तिला लग्न करून आणलं आणि तो फ्रान्समधल्या लढाईत गेला. त्याचा जमिनीचा तुकडा तिने बदकं पाळून राखला होता. पण जमीन मेजरसाहेबांची. टॉमच्या नावाचा भाडेपट्टा मार्चमध्ये संपत होता. तो आपल्या नावाने करून द्या म्हणून विनवायला ती आली होती. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून ही भेट.

"मेजरसाहेब, एवढ्या थंडीत कशाला त्रास घेता?" ती हसत म्हणाली. "काम झालंय. चार दिवस माझी बदकं नेत होता. आज सकाळी एका गोळीत आडवा केला."

कुणाच्या तरी हातातला पेला खडीवर पडला.

"गोळीने?" मेजरांच्या थोरल्या बहिणीने विचारलं. नेस्टाने पाद्रीबाबांना गोळी घातली असती तरी बाईंचा चेहरा इतका पांढरा झाला नसता.

मयतापुढे काढावी तशी मेजरांनी टोपी काढली. मग एकेक करत सगळ्यांनी काढल्या. माझीही हातात आली.

"एबल," मेजर मला म्हणाले, "त्याला घेऊन जा. नीट पुरून टाक."

मी दोरी सोडली. कोल्ह्याचा डावा कान फाटलेला होता.

"अरे, हा तर तुझा कानफाट्या!" क्लेम लोहार ओरडला.

"तुझा म्हणजे?" नेस्टाने विचारलं.

"याची आई मेली तेव्हा हा म्हातारा रोज ससे नेऊन घालायचा याला. जावयासारखा पोसलाय."

नेस्टा माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही कोल्ह्याला ससे घालत होता?"

"मग! बीळसुद्धा आम्हीच बांधून दिलंय. विटांचं. ओढ्यापलीकडच्या झाडीत."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? शिकारीला कोल्हा नको?"

"पण तो चोर आहे, कोंबड्या खातो, म्हणून मारावा लागतो, असं तुम्हीच सांगता ना?"

"खातोच की," क्लेम म्हणाला.

"मग मी मारला तर काय बिघडलं?"

"तू मारला नाहीस बाई, खून केलास. त्याला पळायची संधी दिलीस का?"

"आणि त्याची बिळं कोण बुजवतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू हे काम मी आपल्याच मनाने करत होतो.

"पट्ट्याचं मग बघू," मेजर म्हणाले आणि टोपी घालून त्यांनी शिंग फुंकलं. ते 'मग बघू' म्हणाले की काय समजायचं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. नेस्टालाही.

दुपारी कुत्र्यांनी एक मोठा कोल्हा उठवला. त्याने टेकडी ओलांडली, ओढा दोनदा पार केला, आणि शेवटी वळला तो थेट नेस्टाच्या आवारात. मी फाटकाशी होतो. चिखलाने तो काळा पडला होता, जीभ बाहेर लोंबत होती. त्याने बदकांच्या खुराड्याचं दार पंजाने उकरून पाहिलं. चोरीसाठी नव्हे, आत शिरायला. नेस्टा बादली घेऊन पंपाशी उभी होती. तिच्या पायापासून हातभरावर कुत्र्यांनी त्याला धरलं. बादली तिच्या हातातून सुटली. मेजरांनी उतरून शेपूट तेवढं कापून घेतलं, बाकीचं कुत्र्यांनी वाटून घेतलं.

मेजर माणूस मनाने मोठा. दौड चांगली झाली होती, राग निवला होता.

"प्रॉसरबाई, शिकार तुमच्या दारात आली. पहिलीच ना तुमची?"

असं म्हणून त्यांनी शेपटाच्या रक्ताळलेल्या टोकाने तिच्या दोन्ही गालांवर पट्टे ओढले. आमची जुनी रीत आहे ही. पहिली शिकार पाहणाऱ्याला रक्त लावायचं. त्या दिवसापासून तो आमचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"झालं गेलं विसरलो," मेजर म्हणाले. "सोमवारी या. पट्टा तुमच्या नावाने करून टाकू."

"सुटलीस पोरी," क्लेम तिच्या कानाशी पुटपुटला. "आता दिवेलागणीपर्यंत तोंड धुवायचं नाही बघ."

नेस्टा जमिनीकडे बघत होती.

"सकाळी टोप्या काढल्या होत्या तुम्ही," ती म्हणाली. "याच्यासाठी का नाही?"

मेजरांना ती थट्टा वाटली. ते हसले. "याच्यासाठी कशाला? हा कसा रीतीने मेला!"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. वेड लागलेल्या माणसाकडे पाहावं तसं. मग ती पंपाशी बसली.

"काका, जरा दांडा मारा."

"नेस्टा, अगं सोमवार..." क्लेम म्हणाला.

"मारा ना, काका."

पाणी मागितलं तर द्यावं. मी दांडा मारला. तिने एप्रनने दोन्ही गाल खसाखसा घासले, पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा घासले. कुणी हललं नाही. सकाळी कोल्हा पाहून बहिणीचा झाला होता, तसा मेजरांचा चेहरा पांढरा झाला. ते घोड्यावर चढले.

मार्चमध्ये नेस्टा बदकांचे पिंजरे गाडीत घालून वेल्सला निघून गेली. माझ्या हातचं काम मेजरांनी दुसऱ्याला दिलं.

कानफाट्याला मी त्याच्या विटांच्या घरापाशी पुरलं होतं, नीट, सांगितल्याप्रमाणे. दुसऱ्या कोल्ह्याचं पुरायला काही उरलंच नव्हतं.