न शिकवलेलं घरटं

अण्णांनी वाकून भुशातलं अंडं उचललं, धोतराला पुसलं आणि सुनेपुढे धरलं.

“बघ. आजही जमिनीवरच. पिंजऱ्यात कसं, अंडं घरंगळत पन्हळीत येतं, स्वच्छ. इथे उकिरडा फुंकत फिरा. वर एकमेकींना टोचतात ते वेगळंच.”

“दिवे मंद केल्यापासून टोचणं कमी झालंय, अण्णा. खोक्यांचीही सवय होईल.”

“यंत्रात जन्मल्या, जाळीवर वाढल्या. आईचं तोंड पाहिलं नाही की काडी पाहिली नाही. घरटं करायला शिकवणार कोण, तू?”

“मला कुठे येतं?” सून हसली आणि गळका नळ बघायला बाहेर गेली.

अण्णांचा सगळा जन्म कोंबड्यांत गेला होता. सुनेच्या हट्टापायी त्यांनी दोनातल्या एका शेडमधले पिंजरे उतरवू दिले होते. खाली भुसा, बसायला दांड्या, भिंतीलगत पेंढ्याची खोकी. महिनाअखेर जमलं नाही तर पिंजरे परत, हे बजावूनच.

गुडघे दुखत होते, म्हणून ते पालथ्या बादलीवर टेकले. तेवढ्यात एका बाजूला तुरा पडलेली कोंबडी आली. तिने पहिल्या खोक्यात डोकावलं, मान काढली. दुसऱ्यात शिरली, बाहेर आली. भाड्याची खोली बघायला निघालेल्या बाईसारखी तिचं खोट काढणं चाललं होतं. अण्णांना हसू आलं.

तिसऱ्या खोक्यात मात्र ती राहिली. पायांनी पेंढा उकरला, छाती दाबून गोल फिरली, खळगा केला. मग मान लांबवून एकेक काडी उचलून ती आपल्या पाठीवर टाकू लागली. सावकाश, पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव असल्यासारखी.

अण्णांचं हसू मावळलं.

ती किंचित उठली, अंग ताणलं, आणि अंडं आलं. ओलं, चकाकतं. बघता बघता ते सुकलं. कोंबडीने वाकून त्याला चोच लावली आणि अलगद त्यावर बसली.

आजवर किती अंडी या हातांखालून गेली, त्याला गणती नव्हती. येताना एकही पाहिलं नव्हतं.

“अण्णा, नळ–”

त्यांनी हात वर केला. सून दारातच थबकली.

ते उठले आणि पिंजऱ्यांच्या दुसऱ्या शेडकडे चालू लागले. सूनही मागोमाग गेली. आत नेहमीचाच गलका होता. त्यात मधूनच लांबलेला, कण्हल्यासारखा सूर. भूक लागली की ओरडतात, असं अण्णा सगळ्यांना सांगत आले होते. दाण्याची पन्हळ भरलेली होती.

ते एका पिंजऱ्यासमोर उभे राहिले. आतली एक कोंबडी इतरांच्या अंगावरून येरझारा घालत होती, कण्हत होती. मग ती उतरत्या जाळीवर दबली, पायांनी तार उकरली, मान लांबवली आणि काहीतरी उचलून पाठीवर ठेवलं. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं.

अण्णांनी चष्मा पुसून जाळीला डोळे लावले. तिच्या चोचीत काहीच नव्हतं.

“अण्णा?”

“तिकडचे पिंजरे ज्यांनी उतरवले,” ते वळून न बघताच म्हणाले, “त्यांना बोलावून घे.”