नाकाजवळचा टक्स

शाळेच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. नाव विज्ञान प्रदर्शनाचं, पण पोरांनी चार महिने खपून केलेली यंत्रं भिंतीकडेच्या टेबलांवर बिचारी धूळ खात पडली होती आणि अख्खी गर्दी स्टेजकडे माना उंचावून उभी होती. स्टेजवर सहा मुलं होती, सहाही जणांच्या डोळ्यांवर काळी पट्टी. त्यांतल्या एका मुलीने हनुवटी जरा वर केली, हातातलं कार्ड छातीशी धरलं आणि वाचलं, "निळं जहाज. खाली आकडा, सत्तेचाळीस."

टाळ्यांनी छत हललं. पहिल्या रांगेत बसलेल्या टेलरला रडूच फुटलं. ती त्याची मुलगी होती, आठवीतली.

"बघितलंत?" मुलांना डोळे बांधून वाचायला शिकवणारा दृष्टीगुरू माइकवर गरजला. "मेंदूच्या बरोब्बर मध्यभागी एक खिडकी असते. निसर्गाने उघडी दिलेली, शाळेने बंद केलेली! मी फक्त कडी काढतो. परदेशातले शास्त्रज्ञ हात जोडून मागे लागलेत. मी म्हटलं, थांबा, आधी आमची लेकरं!"

शाळेच्याच सभागृहात शाळेला शिव्या चालल्या होत्या आणि सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होते हेडसर. गर्दी जमावी म्हणून त्यांनीच या माणसाला पाहुणा म्हणून आणलं होतं.

टेलरला काचबिंदू झाला होता. दोन्ही बाजूंचं दिसणं हळूहळू जात होतं. समोरचं तेवढं नळीतून बघावं तसं दिसे. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ थेंब दिले होते आणि बजावलं होतं की एक दिवसही चुकवू नका. दृष्टीगुरूने सांगितलं, "थेंबांनी आतला डोळा झोपतो. बंद करा. मुलीचा उघडला, आता बापाचा उघडणार." मुलगी तर डोळ्यांदेखत वाचत होती. आणखी काय पुरावा हवा? तीन महिने बाटली कपाटात पडून होती आणि टेलर रोज दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेत होता.

आणखी एक गोष्ट होती. स्टेजवरच्या पट्ट्या त्यानेच शिवल्या होत्या.

टाळ्या थांबल्या तशी मागून विज्ञानाच्या बाई पुढे आल्या. त्यांच्याबरोबर तीन मुलं होती. बाईंचा एक हट्ट होता. प्रयोग चौघांनी मिळून करायचा: एकाने बनवायचा, एकाने मोजायचा, एकाने वही लिहायची आणि चौथ्याने फक्त शंका काढायच्या. त्या चौथ्याला शाळा शंकेखोर म्हणे. वहीत आलेली प्रत्येक शंका बाकीच्या तिघांनी तपासल्याशिवाय टेबल मांडायला मिळत नसे. टेलरची मुलगी तिच्या गटाची शंकेखोर होती. घरी उलट बोललं की बोलणी बसत, शाळेत त्याचेच गुण मिळत.

"सर, आमच्या गटाची एक शंका राहिलीय," वही लिहिणारी मुलगी म्हणाली. "आमचा प्रयोग पडद्यांचा आहे, कुठलं कापड किती उजेड अडवतं त्याचा. आमच्या शंकेखोराने परवा लिहिलं, कापड कितीही जाड असलं तरी कडेने उजेड येतो, मग पट्टीच्या कडेने येत नाही का? म्हणून आम्ही आमची पट्टी शिवलीय. तिला ही बांधायची."

दृष्टीगुरू गोड हसला. "बाळ, शंका आली की खिडकी बंद होते. श्रद्धा हवी."

"बांधली तर काय बिघडतं?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "जाड कापडातून दिसतं, तर याच्यातून पण दिसेल की!"

"द्या इकडे," टेलर उठला. "मी बघतो कापड."

त्याने पट्टी हातात घेतली. डोळ्यांचा भरवसा नव्हता, पण बोटं तीस वर्षं मुरलेली होती. शिवण वेडीवाकडी, पोरासोरांच्या हातची. मधोमध मात्र कापडाला चिमटा घेऊन टक्स घातला होता. नाकावर खोलगट बसेल, दोन्ही बाजूंना फट राहणार नाही, असा.

टेलरने त्या टक्सवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. सपाट कापड उंचवट्यावर बसत नाही, कडेला उचललं जातं, हे तो गिऱ्हाइकांना रोज सांगे. पट्ट्या शिवायला घेतल्या तेव्हाही त्याने विचारलं होतं, "नाकाजवळ टक्स घालू ना?" दृष्टीगुरू म्हणाला होता, "छे! ऊर्जेची वाट अडते." आणि तीस वर्षांचा कारागीर मान डोलावून सपाट पट्ट्या शिवत बसला होता.

स्टेजवर चढून त्याने स्वतःच्या हाताने मुलीला नवी पट्टी बांधली. बाईंनी कार्ड दिलं. मुलीने हनुवटी वर केली, खाली केली.

"दिसत नाही, बाबा."

"आणि पहिल्या पट्टीतून?"

"नाकाजवळून खालचं दिसायचं. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, बाकीच्यांना खरंच दिसतं, मीच चोरून बघते. आणि तुम्ही इतके खूश होतात..." पट्टीखालून पाणी ओघळलं. "तुम्ही थेंब बंद केलेत ना, तेव्हापासून खूप भीती वाटत होती. शेवटी परवा वहीत लिहिलं."

"मला पण फटीतूनच दिसायचं," शेजारचा मुलगा पुटपुटला. मग पलीकडची मुलगी. सहाही जण आपापल्या जागी एकटेच चोर होते.

दृष्टीगुरू ताकास तूर लागू न देता बाजूच्या दाराने सटकला. लोक चिडले, पण कोणावर? बाईंवर! "पोरांचा आत्मविश्वास घालवलात," असं म्हणत एक आई मुलाला ओढत त्या दाराकडे गुरूच्या मागे धावली. हेडसरांनी घाईघाईने चहाची सूचना केली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन कागद शेजारी ठेवले, नजरेचे नकाशे, जुना आणि नवा. नव्यावर काळं जास्त होतं.

"गेलं ते परत येत नाही. उरलंय ते थेंबांनी टिकेल."

"एवढं तीन महिन्यांत गेलं?"

"एवढं तीन महिन्यांत."

पंधरवड्याने दृष्टीगुरूचा माणूस दुकानात आला. दुसऱ्या गावात शिबिर होतं, पन्नास पट्ट्या हव्या होत्या. "तशाच सपाट हं, टक्स नको." आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, म्हणतात ते असं. टेलरने त्याला दुकानाची पायरी दाखवली आणि टक्स घातलेल्या पन्नास पट्ट्या शिवून त्या गावच्या शाळेत पाठवल्या.

तुमच्या गावात असा कोणी आला तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. पट्टी तुमची बांधा, कार्ड तुमचं द्या. आणि त्याच्याही आधी, घरी आपल्या लेकराला जवळ घेऊन विचारा, तुला खरंच दिसतं का? उत्तर काहीही आलं तरी रागावू नका. टेलरने पहिल्याच दिवशी एवढं विचारलं असतं, तर आज शेजारी बसून थेंब घालणारी मुलगी बघायला त्याला पूर्ण मान वळवावी लागली नसती.