साक्षीदाराच्या पिंजऱ्यातले स्टूल

मित्रांनो, मी एक जुने स्टूल आहे. उंची अठरा इंच, पाय तीन. तीन पायांची वस्तू उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाही. चौथा पाय आला की भांडण सुरू होते.

माझी बैठक म्हणजे पालघरजवळच्या माहीमच्या एका होडीची फळी. ती होडी मोडीत निघाली तेव्हा मालकाचा मुलगा कृष्णकांत पालघरच्या न्यायालयात शिपाई होता. दाराशी राहून साक्षीदारांच्या नावांचा पुकारा करणे हे त्याचे काम. बसायला काही नव्हते, म्हणून वडिलांच्या होडीतून त्याने मला घडवले.

पस्तीस वर्षांपूर्वी तिथे आनंदी बर्वे या तरुण न्यायाधीश आल्या. त्यांच्यासमोर बोईसरच्या एका कारखान्याचा खटला चालू होता. खंडेराव नावाचा कामगार यंत्रात सापडून दगावला होता. मालक म्हणत, यंत्राचे झाकण त्यानेच काढले. त्याची बायको सोजराबाई त्याच खात्यात कामाला होती. ते झाकण महिनाभर भिंतीला टेकवून ठेवलेले तिने पाहिले होते. दुसरे कोणी बोलायला तयार नव्हते.

अकरा वाजता ती पिंजऱ्यात उभी राहिली. गुडघे सुजलेले होते. मालकाचे वकील तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारत राहिले. साडेबारापर्यंत ती ठाम होती. मग आवाज खाली आला.

"म्हणजे झाकण लावलेलं होतं?"

"हो जी."

"चूक तुमच्या नवऱ्याची?"

"हो जी."

बर्वेबाईंना प्रत्येक उत्तरापुढे वेळ टिपायची सवय होती. कागदावर बोट फिरवत त्या म्हणाल्या, "साडेबारापर्यंत एकदाही हो नाही, नंतर सगळंच हो. सोजराबाई, झाकण आता आठवलं का?"

"गुडघं लई दुखाय लागलं, साहेब. हो म्हनलं की सोडत्याल वाटलं."

"कृष्णकांत, तुमचं स्टूल आत आणा."

"मंग आमी कुठं बसू, मॅडम?"

"संध्याकाळी परत देते."

वकील उठले. "मॅडम, साक्षीदार उभाच असतो. न्यायालयाचा मान असतो."

"न्यायालय मघापासून बसलेलंच आहे," बर्वेबाई म्हणाल्या. "प्रश्न पुन्हा विचारा."

सोजराबाई माझ्यावर टेकली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "झाकन भितीलाच व्हतं. डोईचं फडकं रोज त्याच्यावर वाळत घालत व्हते मी."

वकील खाली बसले. निकालात खंडेरावावरचा ठपका पुसला गेला. शिक्षा मालकाला झाली.

मी मात्र संध्याकाळी परत गेले नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा साक्षीदार होता, तिसऱ्या दिवशी तिसरा. बर्वेबाई बदलून गेल्या, जिल्हा न्यायाधीश झाल्या, पुढे उच्च न्यायालयात बसल्या. इकडे नवे न्यायाधीश आले आणि मी दप्तराच्या खोलीत गेले. माझ्यावर जुन्या खटल्यांचे गठ्ठे चढले. वाळवीने एक पाय चाखला. होडीचे लाकूड तिला मानवले नाही.

निवृत्तीनंतर बर्वेबाई राज्याच्या न्यायमंत्री झाल्या. त्यांची पहिली सही एका छोट्या आदेशावर होती: राज्यातल्या प्रत्येक न्यायालयात साक्षीदाराला बसायला आसन द्यावे. ज्या दिवशी तो अमलात आला, त्या दिवशी शेकडो पिंजऱ्यांत माझी भावंडे उभी राहिली. मित्रांनो, गठ्ठ्यांखाली असूनही माझी छाती फुगली.

गेल्या महिन्यात त्या पालघरला आल्या. आधी दप्तराची खोली उघडायला लावली आणि स्वतःच्या पदराने मला पुसले. बाहेर माहीमहून आलेले म्हातारे कृष्णकांत उभे होते.

"तुमचं स्टूल आणलंय," बाई म्हणाल्या.

"संध्याकाळ लई लांबली, मॅडम."

"बसा आधी."

"तुमी उभ्या हाव."

"माझे गुडघे चांगले आहेत."

ते बसले. मंत्री त्यांच्यासमोर उभ्या राहून बोलत होत्या, आणि मी जराही डुगडुगले नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी टिकाऊ आहे. कोणाला काही विचारायचे असेल, तर आधी त्याला बसायला द्या. मग उत्तर ऐका.