शेगडीपाशी वाळवलेला लगाम

मित्रांनो, मी एक जुना लगाम आहे. आधीच सांगून ठेवतो, ओला झालो की मला गुंगी येते. पाणी मुरले, चामडे मऊ पडले, की माझ्या आत कालचे आणि आजचे एकमेकांत मिसळू लागते. तेव्हा बोलता बोलता मी एखाद्या कुत्रीला घोडा म्हणालो, तर हसू नका. माझी गोष्ट पावसातलीच आहे.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने शिवले. तो टाके मोठ्याने मोजायचा. मध्येच कोणी दुकानात येऊन हवापाण्याच्या गप्पा काढल्या, की त्याची मोजणी चुकायची आणि तो पुटपुटत सगळी शिवण उसवून पहिल्यापासून सुरू करायचा. मी तीन वेळा उसवला गेलो. त्यामुळे माझी शिवण किती पक्की आहे याचा मला थोडा गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

मला नेले एका गाडीवानाने. त्याच्या घोड्याचे नाव होते शहाणा. घोडा तसा मुळीच नव्हता, म्हणूनच ते नाव ठेवले होते. पण गाडीवानाने त्याला माझ्याकडून एक भाषा शिकवली. एकदा हलके ओढले की डावीकडे, दोनदा ओढले की उजवीकडे. आणि माझे टोक जमिनीला टेकले की जागच्या जागी उभे राहायचे, मग आभाळ का कोसळेना. गाडीवान उतारूंचे सामान उतरवायला खाली गेला की मला तसाच जमिनीवर सोडून द्यायचा आणि शहाणा हलायचा नाही. गाडीखाली कुत्रीचे एक काळे पिल्लू झोपत असे. तिचे नाव काजळ. तिला कोणी काही शिकवले नाही, पण शहाणा थांबला की तीही थांबायची.

दर आठवड्याला गाडीवान मला मांडीवर घेऊन एरंडेल चोळायचा आणि मुलांना एकच गोष्ट बजावायचा, "चामडं सावलीत वाळवायचं. शेगडीपाशी नेलंत तर याद राखा." हे त्याने इतक्या वेळा सांगितले असेल, की ते भिंतींनाही पाठ झाले होते.

पुढे शहाणा म्हातारा होऊन गेला. त्या कारागिराने मला कापून, मधे कडी घालून, दोन फाट्यांचा पट्टा केला. एक फाटा काजळसाठी आणि दुसरा भिंगरीसाठी. भिंगरी ही नंतर आलेली तरणी कुत्री, एका जागी दोन क्षण उभी राहील तर शपथ. घोड्यावरून कुत्र्यांवर आलो, याचे मला फार वाईट वाटले होते. पण गाडीवान मला तेल लावायला विसरला नाही, आणि काजळशीही माझ्यातून तीच जुनी भाषा बोलू लागला, म्हणून मी काही बोललो नाही.

मग एके दिवशी तो जिन्यावरून पडला. कंबर मोडली. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीचा जिना त्याला चढवेना, म्हणून धाकट्या मुलाने त्याला आपल्या तळमजल्यावरच्या घरी नेले. ते घर खूप लांब होते. मी खिळ्यावर राहिलो, आणि माझ्याबरोबर राहिल्या दोन कुत्र्या आणि गाडीवानाची थोरली लेक, जिला सगळे ताई म्हणतात. ताई दुकानांच्या पाट्या रंगवते. तिला श्वास घ्यायला फुरसत नसायची, मग तेल कोण लावणार? माझ्यावर धूळ बसली. काजळच्या डोळ्यांवर पांढरा पडदा आला आणि हळूहळू तिला दिसेनासे झाले.

एकदा धाकट्याचे पत्र आले. ताईने ते खिडकीशी उभे राहून मोठ्याने वाचले. "बाबा इथे आल्यापासून एक शब्द बोललेले नाहीत. जेवतात, खिडकीत बसतात. डॉक्टर म्हणतात, जिभेला काही झालेलं नाही, त्यांचं बोलायचं मनच उडालंय. ताई, मला भीती वाटते गं."

ताईने पत्राची घडी घातली, काजळकडे पाहिले आणि मला खिळ्यावरून काढले.

पावसाळ्यात रंग वाळत नाही, त्यामुळे तिला सुट्टीच होती. ती आम्हाला घेऊन बसपाशी गेली, पण बसवाल्याने हात जोडले. "ताई, माणसांना उभं राहायला जागा नाही. ह्या दोघींना काय टपावर बसवू?"

"नका बसवू," ताई म्हणाली. "आम्ही चालत जाऊ."

बसवाल्याला ती थट्टा वाटली.

मित्रांनो, ते नऊ दिवस मी कसे सांगू? पाऊस लागला होता तो लागलाच होता. मोठा नाही, पण न थांबणारा. रस्ता पुढे जाऊन पांढुरक्या धुक्यात विरघळायचा आणि आम्ही तिथे पोचलो की आणखी थोडा उरलेला असायचा. भिंगरी पुढे ओढत होती, काजळ ताईच्या पायाला लागून चालत होती. एकदा हलका झटका, डावीकडे खड्डा टळला. दोन झटके, उजवीकडे वळण आले. ती जुनी भाषा काजळ विसरली नव्हती, आणि ताईच्या बोटांनाही ती येत होती, हे मला तेव्हा कळले. मी भिजत गेलो, सैल होत गेलो. डांबरावर थेंब टपटपत होते आणि मला त्या टापा वाटत होत्या. माझ्या टोकाला कधी काजळ असे, कधी शहाणा. कोण आहे ते मी विचारत नव्हतो. फार बरे वाटत होते.

दुपारी आम्ही एखाद्या बंद शाळेच्या पडवीत बसायचो. ताई पावाचे तीन तुकडे करायची आणि समोरच्या पाट्यांना नावे ठेवायची. "हा आठ बघ गं काजळ, झोपेत काढलाय!" काजळला दिसत नव्हते, पण ती शेपूट हलवायची.

सातव्या संध्याकाळी एका खानावळीत आसरा मिळाला. मालकीण मोठी मायाळू होती. तिने ताईला कोरडे लुगडे दिले, कुत्र्यांना पोते दिले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "अगंबाई, हा तर नुसता निथळतोय! टाक की शेगडीपाशी, घटकाभरात खडखडीत होईल."

जी गोष्ट भिंतींना पाठ होती, ती गाडीवानाची लेक त्या वेळी विसरली. थकली होती बिचारी. तिने मला शेगडीपाशी टांगले. आणि खरे सांगू? मीही ओरडलो नाही. ती ऊब मला इतकी गोड लागली की मी गाढ झोपलो. सकाळी जागा झालो तेव्हा अंग लाकूड झाले होते आणि काजळच्या फाट्यावर बारीक भेगा पडल्या होत्या.

आठव्या दिवशी रस्त्यावरून पाणी वाहत होते, घोट्याइतकेच. समोरून एक बेडूक उडाला. भिंगरी त्याच्यामागे झेपावली, ताईचा तोल गेला, मी ताणलो आणि भेगेशी तुटलो. शिवण नाही हं, चामडे तुटले. माझा हातभर तुकडा काजळच्या गळ्यात राहिला आणि बाकीचा मी ताईच्या मुठीत. काजळ दोन पावले भलतीकडे, रस्त्याच्या मधोमध गेली. तेवढ्यात वळणावरून ट्रकचा भोंगा वाजला.

"काजळ! अगं, इकडे ये!" ताई किंचाळली.

काजळ आवाजाकडे धावली असती, तर ट्रकपुढेच आली असती. पण तिच्या गळ्यातले माझे टोक खाली लोंबले, पाण्यातून रस्त्याला टेकले. काजळ थांबली. भोंगा वाजत होता, चाकांचे पाणी अंगावर उडत होते, आणि ती आंधळी कुत्री शहाण्यासारखी जागच्या जागी उभी राहिली. ट्रक तिच्या शेपटीला वारा देऊन घसरत पुढे गेला आणि थांबला.

ड्रायव्हर खाली उतरला. तो धावतच आला. "ताई, ही जरा जरी हलली असती ना..." म्हणत त्याने काजळच्या पाठीवर हात ठेवला. त्याला उलट दिशेला जायचे होते. जाताना त्याने तीनदा मागे वळून पाहिले.

ताई पाण्यातच बसून रडली. मग तिने माझी दोन टोके घेऊन घट्ट गाठ मारली. गाठ ओबडधोबड होती, पण मी पुन्हा एक झालो.

नवव्या दिवशी दुपारी आम्ही धाकट्याच्या घरी पोचलो. गाडीवान खिडकीत बसला होता, मांडीवर घोंगडी घेऊन. किती वाळला होता! काजळने हवा हुंगली, खुर्चीपर्यंत गेली आणि त्याच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पण बोलला नाही. धाकटा दाराशी उभा होता, ताई ओल्या कपड्यांनी तशीच उभी होती. ताईची मान खाली गेली.

मग तो हात काजळच्या मानेवरून माझ्यावर आला. ओळखीची बोटे होती ती. हळूहळू सरकत भेगांपाशी आली, गाठीपाशी थांबली. त्याने मला नाकाशी नेले आणि हुंगले. कपाळाला आठ्या पडल्या.

"कुणी वाळवला हा शेगडीपाशी?"

धाकट्याने तोंडावर हात ठेवला.

"मी, बाबा," ताई म्हणाली. ती हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही.

"कितीदा सांगितलं होतं? अक्कल कुठे गहाण टाकली होतीस?"

"चुकलं, बाबा. आणखी रागवा ना."

"रागवतो की. आधी एरंडेल आण."

मित्रांनो, त्या दुपारी मला तेल लागले आणि ताईला अखंड बोलणी बसली. दोघांनाही ते गरजेचे होते. आता मी गाडीवानाच्या खुर्चीवर टांगलेला असतो. धाकट्याने मला शिवून आणतो म्हटले होते, पण गाडीवानाने साफ नकार दिला, म्हणाला, "गाठ राहू दे." पाऊस आला की तो खिडकीतून हात बाहेर काढून मला थोडा भिजवतो, मग सावलीत ठेवतो. मला गुंगी येते आणि लांबून टापा ऐकू येतात.

माझे एवढेच मागणे आहे. चामडे सावलीत वाळवा आणि अधूनमधून तेलाचा हात फिरवा. आणि तुमच्या घरात कोणी रागवायचेच थांबले असेल, तर त्याच्या ओळखीची एखादी जुनी वस्तू त्याच्या हातात नेऊन द्या, चालत जावे लागले तरी.